फ्रीजरमधली पुणेकरीण

नवीन नमुना आला की बाई आधी त्याला गाव विचारायच्या. रक्ताची ती करंगळीएवढी नळी उजेडात धरायच्या, चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "किया ओरा, नमस्कार! कुठल्या गावच्या तुम्ही?" मग नळीवरची चिठ्ठी वाचून स्वतःच उत्तर द्यायच्या, "सामोआ का? बसा. टोंगाची मंडळी कालच येऊन गेली."

२०१३ साली वेलिंग्टनजवळच्या त्या प्रयोगशाळेत मी पहिल्याच दिवशी हे ऐकलं आणि मनात म्हटलं, झालं, एवढ्या लांब येऊन आपल्या वाट्याला हे ध्यान आलं. मी पुण्याहून आलेली सॉफ्टवेअरवाली. डेंग्यूशी माझा संबंध एवढाच, की आमच्या सोसायटीत दरवर्षी कोणाला ना कोणाला तो व्हायचा आणि मग सगळेजण पपईची पानं शोधत हिंडायचे. इथे तर डेंग्यू पसरवणारा डासच नाही. मग डेंग्यूची प्रयोगशाळा कशाला, असा माझा भाबडा प्रश्न होता.

"डास नाही, पण विमानं आहेत ना गं," बाई म्हणाल्या. "फिजीला लग्नाला गेलेला माणूस आहेर देऊन येतो आणि ताप घेऊन येतो."

त्या तापातला विषाणू वाचणं हे आमचं काम. डेंग्यूचा विषाणू म्हणजे दहा हजारांहून थोडी जास्त अक्षरं, तीही चारच अक्षरं उलटसुलट मांडलेली. ए, सी, जी, टी. एका माणसातून डासात, डासातून दुसऱ्या माणसात जाताना मधूनच एखादं अक्षर बदलतं. ते बदल ताडून बघितले की कोणता विषाणू कोणाचा नातेवाईक, कोणत्या बेटावरून निघाला, जुनीच साथ आहे की नवीन कोणी घुसलं आहे, हे सगळं कळतं. हे ताडून बघणं संगणकाने झटपट करावं म्हणून मला नेमलं होतं.

मी त्यांना सुरुवातीला मॅडम म्हणत असे. दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम काय? मी काय साडीच्या दुकानात आलेय? बाई म्हण." त्या मूळच्या पुण्याच्या, सदाशिव पेठेतल्या आणि ते त्यांना लपवताही आलं नसतं. न्यूझीलंडात वीस-बावीस वर्षं काढूनही त्यांच्या इंग्रजीला सदाशिव पेठेचा वास तसाच होता. बाकी सगळे त्यांना डॉक म्हणायचे. मी बाई म्हणू लागले आणि आमचा मॅनेजर, हा उंचच उंच, दक्षिणेकडच्या मेंढ्यांच्या गावातून आलेला गोरा माणूस, तोही कधीमधी "बाय" म्हणायचा. बाई त्याला हात हलवून "बाय बाय" करायच्या आणि खुर्चीतून हलायच्या नाहीत.

विषाणूंची नाती सांगायला शास्त्रात मोठमोठे शब्द आहेत. बाईंना ते चालत नसत. "ही फिजीची. टोंगाची हिची सख्खी बहीण. आणि ही जी सामोआहून आली ना, ती यांची जाऊ. घर एक, माहेर वेगळं." नात्यांचा वृक्ष मी पडद्यावर काढून दाखवला की त्या त्याच्याकडे लग्नात पाहुणे निरखावेत तशा बघायच्या. "ही इथे कशी बसली? ही यांच्यातली नाही." मी म्हणायचे, बाई, प्रोग्रॅमने बसवलं आहे. मग मी परत तपासायचे, आणि कच्च्या माहितीत कुठेतरी घोळ निघायचाच. पहिल्या काही वेळा मला याचा राग आला. नंतर नंतर मी त्यांना विचारूनच वृक्ष छापू लागले.

पण खरा कहर म्हणजे वाचन. बाईंचा नियम असा, की नवीन विषाणूचं यंत्रातून आलेलं वाचन दोन माणसांनी मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय बाहेर जायचं नाही. अख्खं नाही, निदान त्याचं बाहेरचं कवच बनवणारा भाग तरी. यंत्रातून रंगीत डोंगरांची रांग येते. हिरवा डोंगर म्हणजे ए, निळा सी, काळा जी, तांबडा टी. एकाने हे डोंगर बघत अक्षरं म्हणायची, दुसऱ्याने जवळच्या नातेवाईकाच्या छापील अक्षरांवर बोट ठेवून "बरोबर" म्हणायचं. फरक आला की थांबायचं, आणि दोघांनी डोंगर बघायचा. दोन हजारांच्या आतबाहेर चार प्रकारचीच अक्षरं म्हणत बसणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. मॅनेजर सुद्धा या कामाला बसायचा. "बरोबर" हा एकच मराठी शब्द त्याला येत होता, आणि तो अगदी मनापासून म्हणायचा, "बॅरोबॅर."

"बाई, संगणक हे डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो," मी एकदा चिडून म्हटलं.

"करतो ना. मी कुठे नाही म्हणतेय? पण त्याला आश्चर्य वाटत नाही. तुला वाटलं तर मला सांग."

जॉन्सनव्हिल या उपनगरात त्यांचं घर आमच्यापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. त्या घरात पलंगाला मच्छरदाणी होती. वेलिंग्टनच्या वाऱ्यात माणसाच्या डोक्यावरची टोपी राहत नाही तिथे डास काय टिकणार! पण बाई रोज मच्छरदाणी लावून, चारही कडा गादीखाली खोचून झोपायच्या. कोणाकडे जेवायला गेल्या की आधी मागच्या अंगणात जायच्या आणि कुंड्यांखालच्या बशांमधलं पाणी ओतून टाकायच्या. यजमानांना विचारण्याची पद्धत नव्हती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला हॉलबाहेर कोणीतरी बादल्या भरून ठेवल्या होत्या, त्या सगळ्या यांनी आरती चालू असताना उपड्या केल्या. विसर्जनाचं पाणी होतं ते. अध्यक्ष फार भडकले.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. तिने त्यांना विचारलं, "आर यू स्केअर्ड ऑफ मॉझीज, आजी?"

"हो," बाई म्हणाल्या. "तुला शेजारचा कुत्रा एकदा चावला होता ना? मला डास एकदा चावला होता."

आणि कोणाच्या हातचं खायच्या-प्यायच्या नाहीत. सोवळं वगैरे काही नाही. प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यावर दुसऱ्याने हात कसे धुतले असतील याचा विचार सुटत नाही, एवढंच. स्वतःचा चहा स्वतःच्या थर्मासमध्ये. आमच्याकडे जेवायला येताना सुद्धा डबा घेऊन यायच्या आणि माझ्या ताटाशेजारी बसून आपले दडपे पोहे खायच्या. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी हे फार मनाला लावून घेतलं.

तर डास चावल्याची गोष्ट. विशीत, पुण्यात शिकत असताना बाईंना डेंग्यू झाला होता. चांगलाच झाला होता, जगतात की नाही अशी वेळ आली होती. त्यांच्या सरांनी त्यांच्याच रक्तातून विषाणू वेगळा काढला, आणि बऱ्या झाल्यावर बाईंनी स्वतःच तो वाचला. अक्षर न् अक्षर, त्या काळच्या हाताच्या पद्धतीने, महिनोन् महिने. पुढे रीतसर परवाने काढून त्या विषाणूचा निष्प्राण केलेला अर्क त्यांनी इथे आणला. आता तो मेलेला होता, त्याच्यात नुसती अक्षरं उरली होती. आमच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये एका डबीत तो असायचा आणि त्याचं नाव होतं पुणेकरीण.

पुणेकरणीचं काम साक्षीदाराचं. रुग्णांच्या नमुन्यांबरोबर तिचा एक थेंब यंत्रात घालायचा. तिचा निकाल 'आहे' असा आला म्हणजे यंत्र ठीक चाललं आहे, इतरांचे निकाल खरे मानायला हरकत नाही. तिला बाईंखेरीज कोणी हात लावायचा नाही, आणि ज्या दिवशी तिला हात लावला त्या दिवशी रुग्णाच्या नळीला हात लावायचा नाही, असा बाईंचाच कडक नियम होता. मी माझ्या प्रोग्रॅमसाठी सगळ्या विषाणूंची अक्षरं मागितली तेव्हा त्यांनी सगळी दिली, फक्त हिची दिली नाहीत. "घरच्या माणसाला कोणी पाहुण्यांच्या यादीत घालतं का?" म्हणाल्या. मला ते गोड वाटलं आणि मी सोडून दिलं.

पुढची गोष्ट दोन-तीन वर्षांनंतरची. उत्तरेकडच्या एका गावातल्या हॉस्पिटलातून नमुना आला. गाईंच्या गोठ्यावर दूध काढणारा फिजी इंडियन माणूस, चाळिशीचा, बायको आणि दोन मुलं. नुकताच फिजीहून भावाच्या लग्नाला जाऊन आलेला. प्रचंड ताप, डोळे पिवळे, अंग मोडून निघालेलं. सोमवारी आम्ही कळवलं, डेंग्यू आहे. गुरुवारी त्याचं वाचन यंत्रातून आलं, आणि माझ्या प्रोग्रॅमने सांगितलं की हा विषाणू फिजीचा नाही, टोंगाचा नाही, आख्ख्या पॅसिफिकमधल्या कोणाचाच नाही. जवळचं म्हणावं असं कोणीच नाही. लांबचे नातेवाईक भारतात, तेही फार जुने.

मॅनेजर हरखला. "धिस इज ह्यूज! बेटांवर नवीन पाहुणा आलाय!" त्याच्या डोक्यात शोधनिबंध, मंत्रालयाला सूचना, सगळं एकदम सुरू झालं. आम्हीही हरखलो होतो, खोटं कशाला बोलू. त्या एका माणसाच्या तापातून आपल्याला काहीतरी मोठं गवसलं आहे, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

"आधी वाचू," बाई म्हणाल्या.

त्या डोंगर बघत होत्या, मी त्या लांबच्या भारतीय नातेवाईकावर बोट ठेवून होते. फरक खूप येत होते, म्हणून आम्ही सारख्या थांबत होतो. मग बाई थांबेनाशा झाल्या. एका लयीत अक्षरं म्हणू लागल्या, मला "बरोबर" म्हणायलाही वेळ मिळेना. मी वैतागून वर बघितलं. बाई कागदाकडे बघत नव्हत्या. चष्मा कपाळावर होता, नजर खिडकीबाहेर, आणि अक्षरं येतच होती. मी त्यांच्या पुढचा कागद माझ्याकडे ओढला आणि त्या म्हणतील त्यावर बोट फिरवू लागले. हिरवा, हिरवा, काळा, तांबडा. एकही चुकत नव्हतं. देवळात म्हणा, डोंगरमाथ्यावर म्हणा, माणसाला जे वाटतं असं सांगतात ते मला त्या ट्यूबलाइटच्या उजेडात वाटलं.

मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ही फिजीहून आलेली नाही," त्या म्हणाल्या. "ही माझी आहे. पुणेकरीण."

मॅनेजरला आधी कळलंच नाही. बाईंनी त्याला इंग्रजीत समजावलं. जिवंत विषाणू माणसामाणसांतून फिरतो तेव्हा त्याची अक्षरं बदलतात. इतक्या वर्षांत एकही अक्षर बदललं नाही याचा अर्थ ही कोणाच्या अंगात नव्हतीच. ही गोठलेली होती, आपल्या फ्रीजरमध्ये. तिचा थेंब त्या माणसाच्या नळीत गेला आहे. त्या माणसाला डेंग्यू नाही.

"सोमवारी नळ्या उघडणारी आपली टेक्निशियन मुलगी फ्लूने घरी होती. हॉस्पिटलचे फोनवर फोन येत होते. सकाळी मी पुणेकरीण काढली होती. मग कोट बदलला, ग्लव्ह्ज बदलले आणि त्याची नळी मीच उघडली." नियम त्यांचाच होता आणि त्याच नियमाने त्या पकडल्या गेल्या होत्या. पुणेकरणीला दुसऱ्या कोणाचा हातच लागत नसे.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "डॉक, घाई नको. उरलेलं रक्त आहे, कोणीतरी दुसरं ते परत तपासेल. उद्या दुपारपर्यंत खात्री होईल, मग कळवू." त्याचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. असं काही बाहेर गेलं की प्रयोगशाळेचं काम थांबतं, चौकशी बसते, जुने सगळे निकाल उकरले जातात.

"तपासा," बाई म्हणाल्या. "पण तो माणूस उद्या दुपारपर्यंत थांबणार आहे का?" आणि त्यांनी फोन उचलला.

पलीकडचा डॉक्टर मुंबईचा मराठी मुलगा निघाला. स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, पेशंट खूप सीरियस आहे. किडन्या बसल्यात. डेंग्यूत इतकं कसं बिघडलं तेच कळत नाहीये."

"डेंग्यू नाही. आमची चूक झाली आहे. माझी झाली आहे. तुम्हाला आधी काय वाटलं होतं?"

"लेप्टो. गोठ्यावर काम करतो ना तो, गाईंच्या मुतातून होतो. मी अँटिबायोटिक सुरू केलं होतं. तुमचा रिपोर्ट आला म्हणून बंद केलं!" त्याचा आवाज चढला. "तुमच्या रिपोर्टवर बंद केलं, मॅडम!"

"हो. माझ्या रिपोर्टवर. आता माझ्या सांगण्यावरून परत सुरू करा. आत्ता. लेखी मी पाठवते, त्याची वाट बघू नका."

उरलेल्या रक्तात डेंग्यू नव्हताच. लेप्टो असल्याचं हॉस्पिटलने कळवलं. माणूस डायलिसिसवर होता. बाई सकाळ-संध्याकाळ फोन करायच्या, दोन वाक्यं बोलायच्या आणि ठेवायच्या. थर्मास तसाच भरलेला परत जायचा. मी एकदा त्यांच्याकडे डोकावले तर मच्छरदाणीच्या आत बसून होत्या, पुस्तक नाही, काही नाही. "तो गेला तर मी काय करू गं?" एवढंच म्हणाल्या. मी बाहेर खुर्ची ओढून बसले.

मग एका सकाळी त्या मुंबईकर डॉक्टरनेच फोन केला. "मॅडम, लघवी झाली." बाईंनी फोन तसाच हातात धरून आम्हाला सांगितलं, "लघवी झाली!" आणि त्या मॅनेजरने, त्या मेंढ्यांच्या गावच्या माणसाने, टेबलावर हात आपटून आरोळी ठोकली. कोणाच्या तरी लघवीवर इतका आनंद साजरा झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

चौकशी झाली. काम काही आठवडे बंद राहिलं. अहवालात बाईंनी 'एका कर्मचाऱ्याकडून' असं लिहिलेलं खोडून स्वतःचं नाव घातलं. कोणी त्यांना जा म्हटलं नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं, की यापुढे नळीला हात लावायचा नाही, फक्त वाचायचं. पुणेकरीण त्यांनी भट्टीत घातली आणि साक्षीदार म्हणून बाहेरून दुसरा विषाणू मागवला. तो ब्राझीलचा होता. "शिष्ट आहे," एवढाच अभिप्राय त्यांनी त्याच्यावर दिला.

तो माणूस घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "मला घेऊन चल." त्यांना गाडी येत नव्हती. डॉक्टरने त्या घरच्यांना सगळं सांगितलं होतं, तरी बाईंना स्वतः सांगायचं होतं. मी सबंध दिवस गाडी चालवली. गोठ्याच्या आवारात जुने टायर पडले होते आणि त्यांत पावसाचं पाणी साठलेलं. मी गाडी बंद करते तोवर बाई टायर उपडे करायला लागल्या होत्या. घरातून त्याची बायको बाहेर आली आणि ही कोण म्हातारी आपले टायर उलथतेय म्हणून बघत उभी राहिली.

स्वयंपाकघरात तो टेबलाशी बसला होता, कपडे अंगावर लोंबत होते. बाई उभ्याच राहिल्या आणि आपल्या सदाशिव पेठी हिंदीत म्हणाल्या, "आपको डेंग्यू नहीं था. वो मेरे हाथ से हुआ. दवाई मेरे कारण बंद हुई. मैं माफी मांगने को आई."

तो काहीतरी पुटपुटला, जाने दो वगैरे. बायको मात्र चहा करत होती. पाठमोरीच राहिली. मग वळून तिने विचारलं, "तुम नहीं बोलता, तो कोई के मालूम होता?"

बाईंनी विचार केला. त्या प्रश्नाचाही त्यांनी अगदी तपासून विचार केला, हे मला दिसत होतं. "दवाई के टाइम पे? नहीं. किसी को नहीं."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग होता, आणि तो असायलाच हवा होता. तिच्या दोन मुलांचा बाप त्या खुर्चीत बसलेला होता. मग तिने तिसरा कप काढला, मग चौथा. घरच्या दुधाचा घट्ट चहा तिने बाईंसमोर ठेवला.

बाईंच्या पर्समध्ये थर्मास होता. बाई खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही हातांनी कप उचलला आणि प्यायल्या.

"चीनी ठीक है?" तिने विचारलं.

बाईंनी आणखी एक घोट घेतला, डोळे पुसले.

"बरोबर," त्या म्हणाल्या.